हाकेच्या अंतरावरचं घर

आईचं एक ठरलेलं होतं. घरातल्या कुणालाही चारचौघांत बोलायचं असेल, तर त्याने आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून ते आधी तिला बोलून दाखवायचं. आई जन्मभर शाळेत भाषा शिकवत आली होती. निवृत्त झाल्यावर शिकवायला हाताशी उरली ती एकटी ताई. सगळं घर तिला ताईच म्हणायचं, आईसुद्धा. ताई शहराच्या नगररचना कार्यालयात वरच्या हुद्द्यावर होती, केस पिकायला लागले होते, हाताखाली माणसं होती. पण मोठी बैठक आली की संध्याकाळी ही बाई टेबलाशी उभी राहायची आणि आई समोरच्या खुर्चीत बसून बोट वर करायची. एक बोट म्हणजे आवाज खाली घे. दोन बोटं म्हणजे वाक्य लांबलं, तोड. ताईने यावर कधी वाद घातला नाही. आईशी वाद घालून टिकलेला माणूस त्या घरात तरी कुणी पाहिला नव्हता.

त्या वर्षीचं भाषण मात्र मोठं होतं. शहराने हवामानाचा आराखडा करायला घेतला होता आणि त्यातला जमिनीचा भाग ताईकडे आला होता. म्हणजे कुठे घरं, कुठे कारखाने आणि कुठे काहीच नाही, हे ठरवायचं काम. आजवर शहर नुसतं पसरत गेलं होतं. ज्याला स्टेशनाजवळ परवडत नाही तो लांब जायचा, ज्याला तिथेही परवडत नाही तो अजून लांब, आणि मग सगळे मिळून सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर धूर काढत बसायचे. ताईचं म्हणणं साधं होतं. स्टेशनापासून पायी जाता येईल एवढ्या टापूत आज एका प्लॉटवर एकच बैठं घर असा नियम आहे, तिथे पाच मजल्यांना परवानगी द्या. माणसं जवळ राहू देत, म्हणजे गाडी काढावी लागणार नाही. आणि नदीच्या खालच्या अंगाची पाणथळ जमीन कुणालाही बांधायला देऊ नका, कारण शहरावर पडलेलं पाणी शेवटी तिथेच जाऊन मुरतं. नकाशावर स्टेशनचा टापू तांबडा, पाणथळ हिरवी. बस, एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीसाठी तिने कितीतरी सुट्ट्या आणि एक मोडता मोडता राहिलेली तब्येत खर्ची घातली होती.

आईचं घर त्या तांबड्या टापूतच येत होतं. बाबांनी हौसेने बांधलेलं तीन खोल्यांचं बैठं घर, पुढे अंगण, मागे अंगण, आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी अशी दाट झाडं की भर दुपारी फाटकाशी उभं राहिलं तरी डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे. गल्लीत सगळी स्थिरावलेली मंडळी. शेजारी दातांचे डॉक्टर, पलीकडे एक निवृत्त न्यायाधीश, समोर कुणी परदेशी राहिलेलं जोडपं. स्टेशन इतकं जवळ की गाडी सुटल्याची शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू यायची. मात्र गल्लीतलं कुणी त्या गाडीत बसत नसे. प्रत्येकाच्या दारात चारचाकी होती.

आणि होता धाकटा. ताईचा हा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. लोकांच्या उंच इमारतींत दिवसभर वरखाली करायचा आणि स्वतः राहायचा शहराच्या टोकाला, भाड्याच्या दीड खोलीत, बायको आणि लेकीला घेऊन. आईच्या घरात काही दिवस राहून पाहिलं होतं त्यांनी, पण एका स्वयंपाकघरात आई आणि सून म्हणजे दोघींनाही त्रास आणि मधे धाकट्याचं भरीत. वेगळं झाल्यावर आईला सुनेचं कौतुक आणि नातीची आठवण दोन्ही एकदम सुरू झालं. जेवताना घास हातात घेऊन ती म्हणायची, "हाकेच्या अंतरावर एखादं घर मिळावं गं त्याला. फार काही नको. हाक मारली की नात धावत यावी, एवढंच." मग उसासा टाकायची आणि गल्लीतले भाव कसे गगनाला भिडलेत ते सांगायची. जणू भाव हे पावसासारखे वरून पडतात आणि त्यात कुणाचा काही हात नसतो.

तर त्या संध्याकाळी ताई टेबलाशी उभी राहिली आणि आराखडा बोलून दाखवू लागली. आईने आवाज एकदा खाली घ्यायला लावला, वाक्यं तीनदा तोडायला लावली. पण त्या दिवशी ती प्रश्नही खूप विचारत होती. झाडांनी गल्ली थंड राहते म्हणजे नेमकी किती? अंगणातली माती पाणी पिते म्हणजे काय? फरशी घातली तर ते पाणी जातं कुठे? ताईला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईला तिच्या व्याकरणापलीकडे तिच्या कामात रस वाटत होता. तिने सगळं खुलवून सांगितलं, कागदावर झाड काढून सावली कशी पडते ते दाखवलं. पाच मजले बांधतानाही कडेची झाडं राखता येतात, असा नियमच घातलाय, हेही सांगितलं. ते वाक्य लांबलं म्हणून आईने दोन बोटं वर केली.

"हजारो कुटुंबांना स्टेशनालगत परवडणारी घरं मिळतील," असं म्हणून ताईने भाषण संपवलं. आणि तिथे एक वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, की आई, त्यातलं एक आपल्या धाकट्याला मिळेल. तिने ते गिळलं. उद्या कुणी म्हणायला नको की बाईने भावासाठी नकाशा रंगवला. कार्यालयात तिचा हात स्वच्छ होता आणि तो स्वच्छ ठेवायची तिला सवय होती. स्वतःच्या घरातसुद्धा, स्वतःच्या आईपुढेसुद्धा ती हजारो कुटुंबं म्हणाली. अशी चूक कुणा लबाड माणसाच्या हातून झाली नसती.

हरकतींच्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. ताई व्यासपीठावर मोठ्या साहेबांच्या शेजारी बसली होती. साहेब नगररचनेचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, कुणालाच दुखवायचं नाही हे एकच धोरण राहिलेले. ताई हळू आवाजात, छोट्या वाक्यांत बोलली. टाळ्या बेताच्याच पडल्या. मग हरकत घेणाऱ्यांची नावं पुकारली गेली आणि पहिल्याच रांगेतून तिची आई उठली.

ताईला आधी वाटलं, आई तिला पाहायला आलीय. मग आईने चष्मा लावला, हातातल्या सह्यांच्या गठ्ठ्यावर तळवा ठेवला, आणि मुलीकडे पाहून ती "मॅडम" म्हणाली. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या सह्या गोळा झाल्या होत्या. ज्याचा जबडा उघडा आहे त्याच्याकडूनही घेतल्या असतील. ताईला घरात कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

"मॅडम, आमची गल्ली शहरापेक्षा थंड आहे," आई म्हणाली. "का आहे, ते तुमचंच कार्यालय सांगतं. आमच्या झाडांनी. आमच्या अंगणातली माती पावसाचं पाणी पिते. तिथे तुम्ही काँक्रीट ओतणार, आणि त्याला हवामानाचा आराखडा म्हणणार?"

काय बोलली आई. एकही वाक्य लांबलं नाही. सावलीचा दाखला, मातीचा दाखला, सगळं ताईने टेबलाशी दिलेलं, फक्त कडेची झाडं राखायच्या नियमाचं वाक्य तेवढं गाळलेलं. सभागृहाने तिला डोक्यावर घेतलं. न्यायाधीश उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताईने उत्तर द्यायला माईक ओढला आणि तिला समोर आईचं बोट दिसलं. सवयीने वर गेलेलं एक बोट. आवाज खाली घे. ताईने आवाज खाली घेतला, आणि मग तिचं कुणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर आईने गरम जेवण वाढलं. आईला काही वावगं झाल्यासारखं वाटतच नव्हतं. तू तुझं काम केलंस, मी माझं केलं, यात रागवायचं काय, असं तिचं म्हणणं. बाबांनी लावलेली झाडं आहेत ती. आणि मग पाणी पिता पिता तिने विचारलं, "माझा आवाज मागपर्यंत पोचत होता ना गं?"

"पोचत होता," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. स्टेशनचा टापू होता तसाच राहील, एका प्लॉटवर एक घर, असं वरून सांगून आलं होतं. पण आराखड्यात इतकी नवी घरं होणार हे आधीच जाहीर झालं होतं. ती घरं कमी करणं म्हणजे शहराची नाचक्की. त्यांच्या कार्यालयात ही रीतच होती, की एकीकडचं काढलं की दुसरीकडे भरायचं, शेवटची बेरीज जुळली पाहिजे. साहेब नकाशावर बोट फिरवत म्हणाले, "आकडा हलवता येणार नाही. जागा हलवता येते." बोट फिरत फिरत जिथे कुणाचीच हरकत आली नव्हती तिथे थांबलं. पाणथळीवर. तिथून हरकत येणार कुठून? बेडूक सुनावणीला येत नाहीत.

ताई भांडली. तिच्या मानाने खूपच भांडली. ती म्हणाली, हे म्हणजे हवामानाच्या आराखड्यात शहराचं गटार बुजवून त्यावर माणसं बसवणं आहे. साहेब मान डोलावत राहिले. त्यांना सगळं कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग यावा. त्यांनी तिला समजावलं, की तू सोडून गेलीस तर हे काम पलीकडच्या टेबलावर जाईल, आणि तो माणूस रंग तर देईलच, वर एक अटही घालणार नाही. तू निदान अटी घाल. ताईने अटी घातल्या. भराव उंच हवा, पाण्याला वाट हवी, आधी तिथवर ट्रामचा फाटा आणि मग घरं. अटी घातल्यावर जीव भांड्यात पडल्यासारखं तिने मानून घेतलं आणि स्वतःच्या हाताने पाणथळ तांबडी केली. पुढच्या वर्षभरात अटी एकेक करून गळाल्या. भराव महाग म्हणून बुटका झाला, पाण्याच्या वाटेवर वाहनतळ आलं आणि ट्रामच्या फाट्याचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. घरं मात्र भराभर उभी राहिली.

मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटा आला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. भावजय मागे उभी राहून हसत होती, भाची ताईच्या कमरेला बिलगली होती. त्याने घर पक्कं केलं होतं. करार पुढच्या आठवड्यात. सगळ्यांना चकित करायचं म्हणून आधी सांगितलं नव्हतं. कुठे, असं आईने विचारलं आणि त्याने नदीखालच्या नव्या वस्तीचं नाव घेतलं.

"नीट बघितलंस का सगळं?" ताईने विचारलं.

"बघायचं काय? तुझाच नकाशा आहे ना ताई. जाहिरातीतच लिहिलंय, शहराच्या हवामान आराखड्यातली वस्ती. मी डोळे मिटून हो म्हटलं."

ताईने भाचीला भावजयीबरोबर मागच्या अंगणात पाठवलं. मग आईच्या देखत ती म्हणाली, "ती जागा पाण्याची आहे. घेऊ नकोस."

धाकट्याला आधी ती थट्टा वाटली. मग नाही वाटली. "मग तांबडा रंग कुणी दिला तिथे?"

"मी."

बावळट नव्हता धाकटा. लिफ्ट का अडकते हे शोधायला आधी गप्प उभं राहून ऐकावं लागतं, तसा तो उभा राहिला. त्याने का, असं विचारलंच नाही. आईकडे एकदा पाहिलं, आणि आईने टेबलावरचा नसलेला कचरा हाताने गोळा करायला घेतला.

"बरं," तो म्हणाला. "मग कुठे घेऊ ते सांग. नकाशा तुझ्याकडे आहे."

ताईला सगळं शहर तोंडपाठ होतं. तिने मनातल्या मनात ते पालथं घातलं. स्टेशनाजवळ एका प्लॉटवर एकच घर, ते त्याच्या बापजन्मी परवडणार नाही. मधल्या वस्त्यांत जागा नाही. पलीकडच्या टोकाला आताची दीड खोली, आणि तिचा मालक घर रिकामं करा म्हणून मागे लागलेला. इतकी वर्षं नकाशे करणाऱ्या बाईला सख्ख्या भावासाठी एक जागा दाखवता आली नाही, याची लाज तिला आजही वाटते.

"वरच्या मजल्यावर घे बाबा," आई म्हणाली. "म्हणजे पाण्याची भीती नाही."

धाकट्याने चौथ्या मजल्यावर घर घेतलं. आईला गुडघ्यांनी जिने चढवत नव्हते, पण लिफ्ट होती, आणि लिफ्टचा माणूस घरचाच होता. तरी आई तिकडे एकदाच गेली. बस दोनदा बदलावी लागली, परत येताना ती मिळालीच नाही, आणि तिने पुन्हा नाव काढलं नाही. नात फोनवर भेटायची.

आणि मग कळस झाला. शहराने हवामान आराखड्याच्या यशानिमित्त बक्षिसं जाहीर केली आणि त्यात 'सर्वांत थंड गल्ली' म्हणून आईच्या गल्लीला मानाची पाटी मिळाली. पाटी द्यायची ताईच्याच कार्यालयाने, आभाराचं बोलायचं आईने. धाकटा बायको-मुलीला घेऊन येणार होता. आदल्या दिवसापासून पावसाची झड लागली होती, पण कार्यक्रम सभागृहात, छताखाली होता. गल्लीत पाणी थेंबभर साचलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आई टेबलाशी उभी राहिली आणि ताईला म्हणाली, तू बस, ऐक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई खुर्चीत बसली. आईचं भाषण छान होतं. झाडं आपली मुलं आहेत, असं त्यात एक वाक्य होतं. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. आईने तो दोघींना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

धाकटा धापा टाकत होता. रस्ता रात्रीच गेला, तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं म्हणून त्यानेच ती बंद केली होती, आणि पहाटेपासून तो आणि आणखी दोघंतिघं मिळून खालच्या म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन जिन्याने वर आणत होते. त्याच्या घरात आता तीन बिऱ्हाडं होती. भाची ताप घेऊन पडली होती आणि डॉक्टर तिथवर पोचणं शक्य नव्हतं. "आज नाही जमणार आई," तो म्हणाला. "तू बोल छान." मागे कुणी तरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

आई उभीच राहिली. हातातला कागद तिने घडी करून परत उघडला. चेहरा पडला होता तिचा, आणि त्या क्षणी ताईला तिची दयासुद्धा आली. मग आई म्हणाली, "तू तेव्हा जरा आवाज चढवून बोलायला हवं होतंस."

ताई ओरडली. जन्मात पहिल्यांदा त्या टेबलाशी ती इतक्या मोठ्याने ओरडली, की फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल.

"तुझ्या या अंगणात पाच मजले उभे राहिले असते आई. झाडं तशीच ठेवून. त्यातलं एक घर त्याचं असतं. हाकेच्या अंतरावर."

आईचं बोट सवयीने वर गेलं आणि अर्ध्यावर थांबलं. ती हळूहळू खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

"अगं, मग हे का नाही बोललीस? नुसती हजारो कुटुंबं, हजारो कुटुंबं करत राहिलीस. त्यातलं एक आपल्या धाकट्याचं, एवढं एक वाक्य म्हणाली असतीस तर मी सुनावणीला उभी तरी राहिले असते का? घरोघरी जाऊन सगळ्यांना गप्प केलं असतं मी."

ताईला ते खरं वाटलं. आईने नक्कीच केलं असतं.

"आणि बाकीचे?" तिने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

आईने डोळे पुसले. ती आठवून बघत होती. काही लपवत नव्हती ती, टाळत नव्हती, अगदी मनापासून आठवायचा प्रयत्न करत होती.

"बाकीचे कोण?" तिने विचारलं.

फाटकाची कडी वाजली. दातांचे डॉक्टर छत्री आणि मोजपट्टी घेऊन आले होते, संध्याकाळी पाटी मिळाली की ती कुठे लावायची ते ठरवायला. आपल्याकडे जाणकार माणूस घरातच आहे, असं ते हसत म्हणाले. ताई उठली, पायांत चपला सरकवल्या आणि त्यांना जागा दाखवायला बाहेर गेली.